ट्रॅक्टर धुतलेल्या पाण्यातलं डिझेल: जिवाणूंच्या टाकीच्या नोंदी

आर्वी तालुक्यात रस्त्याला लागून माझं ट्रॅक्टर गॅरेज आहे, बाजूला वॉशिंगचा रॅम्प. धुतलेलं पाणी आजवर मागच्या खड्ड्यात जिरायचं. यंदा पोळ्यानंतर शेजारच्या काकाजींच्या विहिरीवर तवंग दिसला. काकाजी कुठे तक्रार घेऊन गेले नाहीत, पाण्याची बादलीच आणून माझ्या काउंटरवर ठेवली. भाची वर्ध्याला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रोजेक्ट पाहिजे होता, मला मार्ग. ठरलं असं की डिझेल खाणारे जिवाणू टाकीत वाढवायचे आणि धुतलेलं पाणी त्यांच्याकडून साफ करून घ्यायचं. तिथून पुढच्या या नोंदी. ज्यांच्याकडे रॅम्प आहे त्यांच्या कामी येतील म्हणून खर्चासकट लिहितोय.

१४ नोव्हेंबर

मागचा खड्डा बुजवला. आता रॅम्पखालून नाली, पुढे गाळाचा हौद, त्याच्या पुढे तीन खणांची सिमेंटची टाकी. शेवटी हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, जिवाणू त्यात. एका ट्रॅक्टरला अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागतं. रोटाव्हेटर असला तर जास्त.

गवंड्यानं खणांमधले पाईप वरच्या बाजूला सरळ टाकले. तेल तर वर तरंगतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळं तेल पाण्याच्या आधी पुढच्या खणात. पाईप काढून एल्बो लावले आणि त्यांना खाली तोंड करून तळापासून फूटभर वरपर्यंत नळी सोडली. आता खालचं पाणी पुढे सरकतं, तेल मागे राहतं. सिमेंटकाम, पाईप, फोडाफोडी धरून ९,४०० रुपये. त्यातले दीडेक हजार फक्त या एल्बोपायी.

१७ नोव्हेंबर

हेल्परनं विचारलं, "जंतू डिझेल खातेत म्हनता, मंग आपल्या ड्रममधलं डिझेल काहून नाई संपत?"

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर त्याच्याच हातातून रोज जातं. पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर आला की वॉटर सेपरेटरच्या वाटीत काळपट, बुळबुळीत साय निघते. फिल्टर चोंदतो तो तिच्यामुळेच. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचतं आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर हे जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यातल्या एका बुरशीचं नाव हॉर्मोकोनिस रेझिनी, विमानांच्या टाक्यांनाही तिनं छळलेलं आहे. कोरड्या डिझेलमध्ये यांचं काही चालत नाही, पाणी पाहिजेच. आपण इतकी वर्षं जिला शिव्या देऊन फेकत आलो, तीच साय आता डब्यात जपायची आहे.

१९ नोव्हेंबर

भाचीनं वहीत हिशेब मांडला आणि माझा अर्धा उत्साह तिथेच उतरला.

एक लिटर डिझेल म्हणजे साधारण ८३० ग्रॅम. ते जिवाणूंनी पुरतं संपवायचं तर पावणेतीन-तीन किलो ऑक्सिजन लागतो. आणि ३० अंश तापमानाच्या हजार लिटर पाण्यात एका वेळी ऑक्सिजन मावतो साडेसात ग्रॅम. पंपानं हवा सोडत राहिलं तरी तो हळूहळूच विरघळणार. म्हणजे टाकीत वाटीभर डिझेल गेलं तरी जिवाणू दिवसेंदिवस त्यातच अडकून पडणार.

तेव्हा ठरलं की जे तेल हातानं निघतं ते आधी हातानं काढायचं. जिवाणूंच्या वाट्याला फक्त पाण्यात मिसळून राहिलेलं. या कामाच्या भानगडीत पडणाऱ्यानं बाकी नोंदी सोडल्या तरी चालेल, एवढा हिशेब करून पाहावा.

२५ नोव्हेंबर

तेल काढायला कवडी कापूस. जिनिंगवाल्यानं पोतंभर तसाच दिला. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी घेत नाही, तेल घेतो. दवाखान्यातला पांढरा कापूस धुऊन मेण काढलेला असतो, तो पाणी पिऊन बुडतो. दोन्ही एकाच बादलीत टाकून पाहिले. पांढरा बोळा बघता बघता तळाला गेला. कवडीचा बोळा वर तरंगत राहिला आणि तवंग त्याच्याकडे सरकत गेला. दहा मिनिटांत बोळा मधासारख्या रंगाचा झाला आणि भोवतीचं पाणी मोकळं.

कांद्याच्या जाळीच्या गोणीत कापूस भरून लांब वळकटी शिवली आणि पहिल्या खणात आडवी सोडली. चार-पाच दिवसांनी काढून पिळायची. पिळलेलं तेल वेगळ्या ड्रममध्ये. वापरलेला कापूस वेल्डिंगच्या जागेपासून दूर, झाकणाच्या डब्यात.

२ डिसेंबर

तिसऱ्या खणात दुधासारखं पाणी. तेल वर यायलाच तयार नाही.

कारण धुण्याची पावडर. ट्रॅक्टर चमकला पाहिजे म्हणून पोरं मूठ-मूठ टाकतात. पावडरीनं तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते तरंगत नाहीत. सरळ खणांमधून पार होतात आणि कापसालाही सापडत नाहीत. पावडर बंद केली. आधी इंजिनाखालचं तेल कापसानं कोरडं पुसायचं, मग नुसत्या प्रेशरनं धुवायचं. दोन गिऱ्हाइकं यावर नाराज होऊन पुलगावला धुवायला गेली. जाऊ द्या.

दुसरी कटकट आपल्या काळ्या मातीची. ही माती इतकी बारीक की डिझेल तिच्या कणांना चिकटून तळाला बसतं. गाळाचा हौद आठवड्यात भरला आणि ढवळला तर सडक्या अंड्यांचा वास. खाली हवा पोचत नाही, तिथे वेगळेच जिवाणू काम करतात आणि ते डिझेलला फारसा हात लावत नाहीत. आता चाकाची माती खुरप्यानं कोरडीच काढतो. पाणी नंतर.

६ डिसेंबर

विरजण लावलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये बोअरचं पाणी, चिमूट युरिया, चिमूट डीएपी, दोन चमचे डिझेल. बी म्हणून तीन गोष्टी: डिझेलच्या ड्रमखालची वर्षानुवर्षं तेल प्यालेली माती, जुन्या खड्ड्याच्या काठचा चिखल आणि सेपरेटरच्या वाटीतली साय. हवेसाठी माशांच्या काचपेटीचा छोटा पंप. नळाचं पाणी घेऊ नका, त्यात क्लोरीन असतं.

११ डिसेंबर

काकाजी म्हणाले, "जीवामृत टाका ना जी, त्यात जंतूच जंतू." गावातल्या आणखी दोघांनी तेच सुचवलं, म्हणून एका ड्रममध्ये करून पाहिलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. दुसऱ्या दिवशी असा काही फेस आला की सगळे खूश. पाचव्या दिवशी फेस गेला, वास राहिला, तवंग जसाच्या तसा.

जंतू होते, पण गूळ-बेसन समोर असताना डिझेल कोण खाईल? सोपं जेवण आधी संपवलं आणि ते संपवताना पाण्यातला सगळा ऑक्सिजनही. शेतात जीवामृत चांगलंच असेल, इथे उलट पडलं. तो ड्रम उकिरड्यावरही ओतता येईना, कारण त्यात डिझेल. शेवटी थोडा-थोडा पहिल्या खणात.

१६ डिसेंबर

विरजणाच्या कॅनमध्ये पहिले काही दिवस काहीच नाही. मग पाणी गढूळ झालं. वरचा सलग तवंग तुटून त्याचे साबुदाण्याएवढे थेंब झाले, मग त्याहून बारीक. वासही बदलला. डिझेलचा उग्र वास उतरून ओल्या मातीसारखा, किंचित आंबूस. त्यातला दहावा हिस्सा नव्या कॅनमध्ये घेऊन पुन्हा तेच. दर खेपेला माती कमी होत जाते आणि डिझेलवर जगणारेच तेवढे उरतात.

२८ डिसेंबर

भाचीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या लावल्या होत्या. एकीत आमच्याच विरजणातून वेगळा काढलेला एकच जिवाणू, बहुधा स्यूडोमोनास जातीचा. दुसरीत सगळं विरजण. एकट्यानं जोरात सुरुवात केली, पाणी लवकर गढूळ केलं आणि मग थांबला. मिश्रणवाली बाटली उशिरा जागी झाली, पण चालत राहिली.

तिनं सांगितलेलं माझ्या भाषेत असं: डिझेल म्हणजे एक पदार्थ नाही, शेकडो आहेत. सरळ साखळीवाले सगळ्यात आधी खाल्ले जातात, फांद्यांवाले त्यानंतर, आणि वलयवाले, म्हणजे ज्यांना ती ॲरोमॅटिक म्हणते, ते सगळ्यात शेवटी. एकाच जिवाणूकडे सगळ्यांची हत्यारं नसतात. काही जण साबणासारखं द्रव्य सोडून तेल फोडतात, काही फोडलेलं खातात, काही त्यांनी टाकलेलं उष्टं. पावडरीनं फोडलेलं तेल जिवाणूंच्या टाकीपर्यंत फार येतं म्हणून त्रास होता. इथे फोडणारा आणि खाणारा एकाच ठिकाणी आहेत.

एकाच जिवाणूत चार हत्यारं भरण्याचा उद्योग आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत केला होता. त्या स्यूडोमोनासवरून १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सजीवाचं पेटंट मान्य केलं. निकाल गाजला, पण तेलाच्या गळतीवर तो जिवाणू कधी सोडला गेला नाही. आपल्याकडे 'टेरी' संस्थेचं ऑइलझॅपर रिफायनरीच्या गाळावर वापरतात, तेही पाच जिवाणूंचं मिश्रणच आहे, मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेलं. ते मागवू का, असं मी विचारलं. भाची म्हणाली, "मामा, तुमच्या अंगणात आहेत ते आधी जगवा."

८ जानेवारी

हजार लिटरची टाकी सुरू. हवेसाठी बायोफ्लॉक मत्स्यपालन सोडून दिलेल्या एका पोराकडून जुना एअर पंप ३,५०० ला घेतला, बुडबुडे सोडणारे स्टोन आणि नळ्यांसकट. टाकी ६,२०० ची. विरजण चाळीस लिटर.

खताचं प्रमाण: कार्बन १००, नायट्रोजन १०, स्फुरद १. लिटरभर डिझेलला १४० ग्रॅम युरिया आणि ३५ ग्रॅम डीएपी बसतं. पण टाकीत लिटरभर डिझेल नसतंच, नसावंच. आमच्या टाकीला आठवड्याला चहाच्या कपाएवढाही युरिया लागत नाही.

१३ जानेवारी

डोळे झोंबले म्हणून टाकीजवळ गेलो, तर अमोनिया. हेल्परनं कपाशीला टाकतात त्या हिशेबानं तसराळंभर युरिया ओतला होता. पीएचची पट्टी ९ च्या पुढे. गढूळपणा गेला, पाणी नितळ. अशा टाकीत नितळ पाणी म्हणजे वाईट बातमी. निम्मं पाणी काढून मागे तिसऱ्या खणात घेतलं, नवं भरलं, विरजण पुन्हा टाकलं. आता दोन आठवडे जाणार. युरियाचा डबा आता कुलपात.

डीएपीचंही एक आहे. आमचं बोअरचं पाणी जड. डीएपी एकदम टाकलं की स्फुरद चुन्याबरोबर तळाला पांढुरका बसतो, जिवाणूंना मिळत नाही. बादलीत भिजवून थोडं-थोडं द्यायचं.

२ फेब्रुवारी

लाईट. रात्री गेली ती सकाळी आली. टाकीवर काळी साय आणि वास. तरंगत्या जिवाणूंना हवा बंद झालेली चालत नाही. इन्व्हर्टरचा भाव विचारून गप्प बसलो.

त्याऐवजी टाकीत विटांचे तुकडे भरले, जाळीच्या गोण्यांमध्ये, पाण्याखाली. विटेच्या छिद्रांत जिवाणूंचा थर बसतो. तो वाहून जात नाही, आणि लाईट आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आधी पऱ्हाटीचे तुकडे टाकले होते, फुकट मिळतात म्हणून, पण ते स्वतःच कुजायला लागले आणि जीवामृताचीच गत झाली. विटा भट्टीवरच्या फुटक्या, पैसे घेतले नाहीत.

२० फेब्रुवारी

पहिला नमुना नागपूरच्या खाजगी लॅबला दिला. पाण्यातल्या तेलाचा आकडा इतका छान आला की मी पेढे आणायला निघालो होतो. भाचीनं विचारलं, नमुना कशात नेला? पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत. तेल प्लास्टिकला चिकटून राहतं, लॅबनं तपासलं ते उरलेलं पाणी. काचेचीच बाटली लागते, रुंद तोंडाची, काठोकाठ न भरलेली. आम्लाचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणायचा, थंड ठेवायचं, आणि लॅबनं बाटलीसुद्धा हेक्झेननं, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवानं, खळबळून घ्यायची. एका नमुन्याचे हजार रुपये गेले.

१ मार्च

हा भाग भाचीच्या हट्टाचा, आणि तिचं खरं होतं. टाकीतलं डिझेल कमी झालं म्हणजे जिवाणूंनीच खाल्लं कशावरून? हवेचे बुडबुडे सोडले की डिझेलचा हलका भाग तसाच उडून जातो.

दोन निळे ड्रम घेतले. दोन्हींत सारखं पाणी, सारखं मोजून डिझेल, सारखी हवा, सारखं खत. एकात विरजण. दुसऱ्यात संत्र्यावाल्यांकडून आणलेला मोरचूद, म्हणजे त्यात काहीही जगणार नाही.

२४ मार्च

दोन्ही ड्रम लिटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम तेलावर सुरू झाले होते. विरजणाचा आला ४१ वर. मोरचुदाचा ३१० वर.

म्हणजे काहीही जिवंत नसताना दोन-पंचमांश तेल गेलंच, बहुतेक हवेत. विरजणाच्या ड्रममधूनही तसं काही उडालं असणार. शिवाय लॅबच्या चाचणीत तेल हेक्झेनमध्ये उतरवून मग हेक्झेन उडवताना डिझेलचाही हलका भाग उडतो, त्यामुळे दोन्ही आकडे खऱ्यापेक्षा थोडे कमीच. 'जिवाणूंनी नव्वद टक्के खाल्लं' असं कोणी सांगितलं तर मोरचुदाचा ड्रम लावला होता का ते विचारा.

मोरचुदाचं पाणी चुन्याची निवळी घालून बसू दिलं. तळाचा निळसर गाळ डब्यात बंद आहे. तो शेतात टाकायचा नाही.

९ एप्रिल

टाकी अचानक काळी. कोणीतरी ऑइल बदलल्यावर जळालेलं ऑइल नालीत सोडलं. कोणी, ते कळलंय, लिहीत नाही. जळालेल्या ऑइलमध्ये जस्तासारखे धातू असतात आणि धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं. वेगळा ड्रम, वेगळी जागा, वर लाल रंग. विटांच्या दोन गोण्या काढून फेकाव्या लागल्या.

आणखी एक: हेल्परच्या बोटाला चिरा होता, तसाच हात टाकीत घालून स्टोन साफ करत होता. बोट सुजलं, दवाखाना झाला. तेल खाणाऱ्या स्यूडोमोनासमधलाच एक प्रकार जखमेत शिरला तर चिघळवतो. आता कोपरापर्यंतचे रबरी मोजे, आणि बुडबुड्यांवर तोंड वाकवायचं नाही.

६ मे

दुपारी टाकीतलं पाणी ४१ अंश. आमचे जिवाणू ३० ते ३५ मध्ये खुशीत असतात. चाळिशीपुढे सुस्त, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. नर्सरीवाली हिरवी जाळी दुहेरी बांधली, टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं. पाणी ३६ वर आलं. जाळी आणि बांबू मिळून १,१०० रुपये. एवढ्या पैशात झालेलं याहून उपयोगी काम या वहीत नाही.

२६ मे

काचेच्या बाटलीतला नमुना. रॅम्पवरून येणारं पाणी लिटरला ३८० मिलिग्रॅम, तीन खणांनंतर ६०, टाकीनंतर १३. नाल्यात सोडायची मर्यादा १० आहे. म्हणून सोडत नाही. टाकीतलं पाणी पुन्हा रॅम्पवरच, चाकांच्या पहिल्या धुण्याला. बोअरचं पाणी निम्म्यानं वाचतंय, हा फायदा कोणी मोजला नव्हता.

आकड्यांकडे पुन्हा पाहिलं तर ३८० चे ६० कापसानं आणि एल्बोनं केले. जिवाणूंचं काम ६० च्या पुढचं. तेवढं मात्र दुसरं कोणी करत नव्हतं.

काकाजींची विहीर दोनदा उपसली. तवंग नाही. प्यायला ते अजून नळाचंच पाणी घेतात, मीही तेच सांगितलं.

११ जून

मृगाचा पहिला पाऊस आणि तिन्ही खण तुडुंब. रॅम्पवर पडलेलं सगळं पाणी नालीतून आत. कापसाची वळकटी वाहून कुंपणाला अडकलेली, तेल अंगणभर. जिवाणूंची टाकी उंचावर म्हणून वाचली.

रॅम्पवर पत्र्याचं छप्पर पाहिजे होतं, आणि ते नोव्हेंबरातच पाहिजे होतं. कोटेशन ४८,००० रुपये, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या खर्चाच्या दुपटीच्या आसपास. सध्या अर्ध्यावर ताडपत्री, आणि पाऊस सुरू असताना धुणं बंद. नालीच्या तोंडाशी वीतभर उंच बांध घालायचा आहे. गवंडी म्हणाला, पेरण्या आटोपल्यावर येतो.